मोटारगाडीची पर्यायी एंजिने व स्वच्छ इंधने : इतिहास

पेट्रोल अथवा डीझेल तेल यांवर चालणाऱ्या रूढ अंतर्ज्वलन-एंजिनाऐवजी मोटारगाडीत वापरण्यात आलेली अन्य प्रकारची एंजिने व विद्युत् चलित्रे, तसेच खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनांच्या जागी किंवा त्यांत मिसळून वापरली जाणारी कमी प्रदूषक इंधने यांच्या विकासाचा आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे. ‘पर्यायी’ ही संज्ञा येथे सापेक्ष आहे, हे प्रारंभीच लक्षात घेणे इष्ट होय. विसाव्या शतकाच्या आरंभी वाफ व वीज ही प्रस्थापित चालक साधने होती आणि पेट्रोल हा त्यांना नव्याने पुढे आलेला पर्याय होता. आज ज्यांना आपण नवीन पर्याय म्हणतो, त्यांपैकी बहुतेकांची कल्पना शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. ते मागे का पडले व पुन्हा पुढे का आले, हे केवळ यंत्रविद्येच्या आधारे सांगता येत नाही. कर, युद्ध, शेतमालाचे भाव, न्यायालयीन निर्णय व सार्वजनिक आरोग्य या सर्वांचा त्यात वाटा आहे.

प्रारंभीची स्पर्धा : निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली चार धावांचे (आघातांचे) यशस्वी एंजिन तयार केले व कार्ल बेंझ यांनी १८८६ साली पेट्रोल एंजिनावर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचे एकस्व (पेटंट) घेतले. याच सुमारास विजेवर चालणाऱ्या गाड्याही रस्त्यावर येऊ लागल्या. गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली शोधलेला शिसे-अम्ल संचायक विद्युत् घट आणि १८८१ साली कामीय फॉर यांनी त्यात केलेली सुधारणा यांमुळे हे शक्य झाले. बेल्जियन चालक कामीय झेनात्सी यांनी २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ ताशी सु. १०५·९ किमी. वेग गाठला. ताशी १०० किमी. ची मर्यादा ओलांडणारी ही पहिली मोटारगाडी विजेवर चालणारी होती. फेर्डिनांट पोर्श यांनी १९०० च्या सुमारास पेट्रोल एंजिन व विद्युत् चलित्र यांची जोड असलेली संमिश्र गाडीही बनविली होती.

अमेरिकेत १९०० साली तयार झालेल्या सु. ४,२०० मोटारगाड्यांपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि केवळ ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. विजेची गाडी निर्धूर व शांत असे, तिला वेग बदलण्याचे दंतचक्र लागत नसे आणि शहरातील डॉक्टर व स्त्रिया तिला विशेष पसंती देत. वाफेच्या गाडीत शक्ती भरपूर असे. स्टॅन्ली बंधूंच्या कारखान्यातील अशा एका गाडीने १९०६ साली फ्लॉरिडातील समुद्रकिनाऱ्यावर ताशी २०० किमी. पेक्षा अधिक वेग गाठला होता. पेट्रोलची गाडी मात्र हातदांडा फिरवून सुरू करावी लागे. दांडा उलटून मनगट मोडण्याचे प्रसंग वारंवार येत.

पेट्रोलचा विजय : पुढील १५ वर्षांत हे चित्र पालटले. टेक्सस राज्यातील स्पिंडलटॉप येथे जानेवारी १९०१ मध्ये खनिज तेलाचा प्रचंड साठा लागला व तेल स्वस्त झाले. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८ साली बाजारात आली व जुळणी पद्धतीच्या मोठ्या उत्पादनामुळे तिची किंमत उतरत गेली. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विद्युत् आरंभक १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला आणि हातदांड्याचा त्रास संपला. विद्युत् चलित्रानेच विजेच्या गाडीचा मुख्य फायदा नाहीसा केला, असे म्हणता येईल.

यामागे एक भौतिक कारणही होते. एक किग्रॅ. पेट्रोलात सु. १२,००० वॉट-तास ऊर्जा असते, तर एक किग्रॅ. वजनाच्या शिसे-अम्ल घटमालेत सु. ३० ते ४० वॉट-तास ऊर्जाच साठविता येते. पेट्रोल एंजिन त्यातील तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया घालवीत असले, तरी इतकी मोठी तफावत भरून निघणे अशक्य होते. वाफेच्या गाडीला बाष्पित्र तापण्यासाठी वेळ लागे व पाण्याचा पुरवठाही सतत करावा लागे. परिणामी १९२५ च्या सुमारास हे दोन्ही प्रकार जवळजवळ लुप्त झाले.

अल्कोहॉल व शिसे : पेट्रोल एंजिनात पेट्रोलच जाळले पाहिजे, असे नाही. एथिल अल्कोहॉल हे त्यास योग्य इंधन असल्याचे प्रारंभापासून माहीत होते. रूडोल्फ डीझेल यांच्या पद्धतीचे एक एंजिन तर १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात, १८६२ साली, अल्कोहॉलवर बसविलेला कर १९०६ पर्यंत कायम राहिला. त्या काळात पेट्रोल व रॉकेल यांच्या उद्योगाने आपले स्थान पक्के करून घेतले.

पुढे एंजिनाचे संपीडन गुणोत्तर वाढवून अधिक शक्ती मिळविण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा एक अडचण उद्‌भवली. सिलिंडरातील मिश्रण ठिणगीपासून क्रमाने न जळता त्याचा काही भाग एकदम पेट घेई व दट्ट्यावर ठोके बसत. अल्कोहॉल मिसळल्यास हे ठोके थांबतात, हे केटरिंग व त्यांचे सहकारी टॉमस मिज्ली यांना ठाऊक होते व त्यांनी स्वतः तसे प्रयोगही केले होते. तथापि डिसेंबर १९२१ मध्ये मिज्ली यांना असे आढळले की, टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळूनही हाच परिणाम साधता येतो. हे संयुग स्वस्त होते व त्याचे एकस्व घेता येत होते. अल्कोहॉल कोणालाही गाळता येत असल्याने त्यात तसा लाभ नव्हता. शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री फेब्रुवारी १९२३ मध्ये सुरू झाली.

शिसे विषारी असल्याचे ज्ञान फार प्राचीन आहे. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्टावस्थेत मरण पावले. औद्योगिक रोगांच्या तज्ञ ॲलिस हॅमिल्टन व शरीरक्रियावैज्ञानिक यॅन्डेल हेंडरसन यांनी या इंधनास जाहीर विरोध केला. मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने परिषद बोलाविली व विक्री तात्पुरती थांबविण्यात आली. चौकशी समितीने मोटारचालक व गॅरेजमधील कामगार यांची काही महिने तपासणी केली आणि बंदी घालण्यास पुरेसे कारण आढळत नाही, असा निष्कर्ष जानेवारी १९२६ मध्ये दिला. मात्र वापर वाढल्यास दीर्घकालीन परिणाम दिसू शकतील, म्हणून संशोधन चालू ठेवावे, अशी सूचनाही तिने केली होती. हे संशोधन प्रत्यक्षात बव्हंशी उत्पादकांच्याच अर्थसाहाय्याने होत राहिले. हानी सिद्ध करण्याचा भार नागरिकांवर पडला व तो उचलण्यास सु. ५० वर्षे लागली.

पृथ्वीचे वय निश्चित करणारे अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांना आपल्या प्रयोगशाळेत सर्वत्र शिशाचे प्रदूषण आढळले. त्याचा माग काढताना, आधुनिक मानवाच्या शरीरातील शिसे हे नैसर्गिक प्रमाणापेक्षा पुष्कळच अधिक आहे, असे त्यांनी १९६५ साली दाखवून दिले. बालरोगतज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ साली मुलांच्या दुधाच्या दातांतील शिशाचा त्यांच्या बुद्धिमापनाशी व शाळेतील वर्तनाशी असलेला संबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलातील शिसे कमी होत गेले, त्याच प्रमाणात नागरिकांच्या रक्तातील शिसेही एक-तृतीयांशाहून अधिक घटल्याचे आढळले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. मोटारगाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा अल्जीरिया हा शेवटचा देश असून तेथे ही विक्री २०२१ साली बंद झाली.

युद्धकाळातील इंधने : दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) पेट्रोलाचा तुटवडा पडल्यामुळे अनेक देशांत लाकूड किंवा लोणारी कोळसा यांपासून मिळणारा प्रोड्यूसर वायू मोटारगाड्यांत वापरण्यात आला. जॉर्ज इंबेर यांनी १९२० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या वायुजनित्रात लाकूड अपुऱ्या हवेत जाळतात व निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांनी युक्त असा वायू गाळून व थंड करून एंजिनात सोडतात. स्वीडनमध्ये अशा ७०,००० हून अधिक, तर जर्मनीत युद्धाच्या अखेरीस सु. ५ लाख गाड्या होत्या. भारतातही अनेक प्रवासी गाड्यांच्या पाठीशी कोळशाच्या शेगड्या बसविण्यात आल्या. चढणीवर दमणारी व प्रवाशांच्या कपड्यांवर काजळी उडविणारी ही ‘कोळशाची मोटार’ महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या स्मरणात दीर्घकाळ राहिली. वायूची शक्ती पेट्रोलाच्या मानाने बरीच कमी पडे व कार्बन मोनॉक्साइडाच्या विषबाधेचा धोका असे. त्यामुळे युद्ध संपताच ही पद्धती मागे पडली. तुटवडा संपला की पर्यायही संपतो, हा अनुभव पुढेही अनेकदा आला.

धूर-धुके व स्वच्छ हवेचे कायदे : लॉस अँजेल्स शहरात जुलै १९४३ मध्ये डोळे झोंबविणारे दाट धुके पसरले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आरी हाखन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी त्याचे कारण शोधले. मोटारगाड्यांतून बाहेर पडणारी न जळालेली हायड्रोकार्बने व नायट्रोजन ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन व इतर त्रासदायक संयुगे तयार होतात, असे त्यांना आढळले. तेव्हापासून ‘स्वच्छ इंधन’ या कल्पनेला निश्चित शास्त्रीय अर्थ आला.

अमेरिकेच्या १९७० सालच्या स्वच्छ हवा अधिनियमाने कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांचे प्रमाण १९७५ पर्यंत ९०% कमी करण्याचे बंधन घातले. हे अशक्य असल्याचे मोठ्या उत्पादकांचे म्हणणे होते. जपानमधील होंडा कंपनीने १९७२ साली दुहेरी ज्वलनकक्षाचे एंजिन सादर केले. त्यात लहान कक्षातील इंधनसमृद्ध मिश्रण प्रथम पेटते व त्याच्या ज्वालेने मुख्य कक्षातील विरल मिश्रण संथपणे व पूर्ण जळते. या एंजिनाने कोणत्याही जादा उपकरणाविना नवीन मर्यादा पाळून दाखविल्या. अन्य उत्पादकांनी १९७५ पासून प्लॅटिनमासारख्या धातूंचा लेप असलेले उत्प्रेरकी परिवर्तक निष्कास नळीत बसविले. शिशामुळे हा उत्प्रेरक निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोल अनिवार्य ठरले. अशा रीतीने शिसे हटविण्यास प्रथम चालना मिळाली ती मुलांच्या आरोग्याइतकीच एका यंत्रभागाच्या रक्षणासाठी, ही या इतिहासातील विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

याच काळात अन्य एंजिनांचेही प्रयोग झाले. फेलिक्स व्हांकेल यांच्या घूर्णी एंजिनात मागेपुढे सरकणाऱ्या दट्ट्याऐवजी त्रिकोणी घूर्णक फिरतो. पश्चिम जर्मनीतील एन.एस.यू. कंपनीत त्याचा पहिला नमुना १९५७ साली चालला व १९६७ साली एन.एस.यू. आणि जपानची माझ्दा या कंपन्यांनी अशा गाड्या विक्रीस आणल्या. लहान आकार व कंपनरहित गती हे तिचे गुण होत. तथापि घूर्णकाच्या टोकांवरील बंदिस्त पट्ट्यांची झीज आणि इंधनाचा जादा खप यांमुळे तिचा प्रसार मर्यादित राहिला. क्रायस्लर कंपनीने १९६३ ते १९६६ या काळात वायू टरबाइनावर चालणाऱ्या ५० गाड्या सु. २०० कुटुंबांना आळीपाळीने वापरावयास दिल्या होत्या. मंद वेगात इंधनाचा खप फार असल्याने तो प्रयोग पुढे गेला नाही.

ब्राझीलचा अल्कोहॉल कार्यक्रम : ब्राझीलमध्ये १९३१ सालीच आयात पेट्रोलात ५% अल्कोहॉल मिसळण्याची सक्ती झाली होती. तेलाचे भाव १९७३ साली चौपटीच्या जवळपास वाढले आणि त्यासुमारास साखरेच्या किंमतीही घसरल्या. तेव्हा नोव्हेंबर १९७५ मध्ये तेथील शासनाने राष्ट्रीय अल्कोहॉल कार्यक्रम सुरू केला. केवळ अल्कोहॉलवर चालणारी गाडी १९७९ मध्ये बाजारात आली व १९८५ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या नवीन गाड्यांपैकी ९०% हून अधिक गाड्या या प्रकारच्या होत्या. पुढे तेल स्वस्त व साखर महाग झाली. कारखाने साखरेकडे वळले व १९८९-९० मध्ये अल्कोहॉलची तीव्र टंचाई निर्माण होऊन गाडीमालकांचा विश्वास उडाला. पेट्रोल व अल्कोहॉल कोणत्याही प्रमाणात चालणारी गाडी २००३ साली आली, तेव्हाच तो पुन्हा बसला. एकाच पिकावर व एकाच भावावर विसंबणाऱ्या इंधनाची मर्यादा या अनुभवाने दाखवून दिली.

भारतातील प्रगती : भारतात शक्तिजनक अल्कोहॉलविषयीचा अधिनियम १९४८ साली झाला, परंतु रसायन व मद्य उद्योगांची मागणी आणि स्वस्त आयात तेल यांमुळे त्याचा विशेष उपयोग झाला नाही. पेट्रोलात एथिल अल्कोहॉल (एथेनॉल) मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले. त्यांपैकी मिरज व मनमाड ही दोन ठिकाणे महाराष्ट्रातील होती. जानेवारी २००३ पासून निवडक राज्यांत ५% मिश्रण करण्यात येऊ लागले. देशातील सरासरी मिश्रण २०२२ मध्ये १०% व २०२५ मध्ये सु. २०% झाले. सहकारी साखर कारखान्यांना यामुळे उत्पन्नाचे नवे साधन मिळाले व उसाची देणी भागविण्यास मदत झाली. उलटपक्षी एक लिटर एथेनॉलात पेट्रोलाच्या सु. दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. शिवाय उसाला पाणी फार लागते आणि महाराष्ट्रातील ऊस क्षेत्राचा काही भाग अवर्षणप्रवण आहे. पाऊस कमी झाल्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाला उसाच्या रसापासून एथेनॉल बनविण्यावर काही काळ निर्बंध घालावे लागले. मका व तांदूळ यांचा वापर वाढल्याने अन्न, चारा व इंधन यांच्यातील स्पर्धेचा प्रश्नही पुढे आला आहे.

संपीडित नैसर्गिक वायू (सी.एन.जी.) हा भारतातील दुसरा महत्त्वाचा पर्याय होय. यात मुख्यत्वे मिथेन असून तो सु. २०० पट वातावरणीय दाबाखाली पोलादी टाकीत भरतात. त्याच्या ज्वलनात काजळीचे कण अत्यल्प निर्माण होतात. इटलीत १९३० नंतरच्या दशकापासून मोटारींत त्याचा वापर होत आला आहे. दिल्लीतील हवेच्या प्रदूषणाविषयी १९८५ साली दाखल झालेल्या लोकहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी तेथील सर्व बसगाड्या या वायूवर चालविण्याचा आदेश दिला. मुदतवाढी, वायूची टंचाई व भरणा केंद्रांवरील लांबच लांब रांगा यांनंतर २००२ च्या अखेरीस हे परिवर्तन पूर्ण झाले. मुंबईत १९९५ साली महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सी व रिक्षा यांचा मोठा ताफा क्रमाने या वायूवर आला. मिथेन जळण्यापूर्वी गळून हवेत गेल्यास तो कार्बन डाय-ऑक्साइडाच्या मानाने कितीतरी अधिक उष्णता अडवितो, हा या इंधनाचा दोष होय.

विद्युत् गाडीचे पुनरागमन : कॅलिफोर्निया राज्याने १९९० साली निष्कासरहित गाड्यांचे ठराविक प्रमाण उत्पादकांवर बंधनकारक केले. जनरल मोटर्स कंपनीने १९९६ मध्ये भाड्याने दिलेली विजेची गाडी लोकप्रिय होऊनही २००३ च्या सुमारास परत घेण्यात आली. टोयोटा कंपनीची संमिश्र गाडी डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आली. तिच्यात गतिरोधनाच्या वेळी वाया जाणारी ऊर्जा घटमालेत साठविली जाते. भारतात बंगलोर येथे तयार झालेली रेवा ही छोटी विद्युत् गाडी २००१ साली बाजारात आली. खरा बदल लिथियम-आयन घटमालेने घडविला. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ व आकिरा योशिनो यांच्या संशोधनातून सिद्ध झालेला हा घट १९९१ साली प्रथम बाजारात आला. या कार्याबद्दल तिघांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दर किग्रॅ. मागे या घटात शिसे-अम्ल घटाच्या सु. पाच ते सहापट ऊर्जा साठते. जगात २०२४ साली विकलेल्या नवीन मोटारगाड्यांपैकी दर पाचांत एकीहून अधिक गाड्या विद्युत् घटमालेवर भारित करता येण्याजोग्या होत्या व त्यांतील बहुसंख्य चीनमध्ये विकल्या गेल्या.

विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये दाखविलेल्या इंधन-विद्युत् घटात हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळते व केवळ पाणी बाहेर पडते. यावर चालणारी टोयोटाची मोटारगाडी २०१४ साली विक्रीस आली. परंतु हायड्रोजन साठविण्याची अडचण आणि तो बहुधा नैसर्गिक वायूपासूनच मिळविला जात असल्याने होणारे उत्सर्जन यांमुळे तिचा प्रसार अल्प आहे.

समालोचन : वरील आढाव्यावरून असे दिसते की, सर्वस्वी निर्दोष असे मोटार इंधन आजवर उपलब्ध झालेले नाही. निष्कास नळीतून काय बाहेर पडते एवढ्यावरून स्वच्छता ठरविणे पुरेसे नसते. विद्युत् गाडी स्वतः धूर सोडत नाही, तथापि भारतातील सु. तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून निर्माण होते आणि घटमालेतील कोबाल्टाच्या खाणींचे प्रश्न दूर काँगोमध्ये उभे राहतात. एथेनॉलचा हिशेब शेतातील पाण्यापर्यंत न्यावा लागतो. मोजमापावरील विश्वासही महत्त्वाचा आहे. फोक्सवॅगन कंपनीच्या सु. १ कोटी १० लाख डीझेल गाड्यांत केवळ चाचणीच्या वेळी उत्सर्जन कमी दाखविणारी प्रणाली बसविलेली होती, हे २०१५ साली उघडकीस आले. शिशाचा इतिहास या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. धोका माहीत होता, पर्यायही माहीत होता. तरीही स्वस्त व सोयीचा मार्ग स्वीकारला गेला आणि त्याची किंमत पेट्रोल कधीच विकत न घेतलेल्या मुलांना मोजावी लागली. नवीन इंधनाची निवड करताना त्याच्या गुणांइतकीच स्वतंत्र व सातत्यपूर्ण तपासणीची तरतूद आवश्यक असते, हेच यावरून स्पष्ट होते.